ओळखीचे कुंपण

रायपूर हे तळ्यांचे शहर आहे. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब, तेलीबांधा ही नावे येथील प्रत्येकाच्या तोंडी असतात. जुन्या वस्तीतून कोणत्याही दिशेस थोडे चालत गेले, तर कोठे ना कोठे पाणी दिसतेच. बूढा तालाबास आता विवेकानंद सरोवर म्हणतात, आणि तेलीबांध्याच्या काठाला लोकांनी मुंबईची आठवण ठेवून ‘मरीन ड्राइव्ह’ असे नाव दिले आहे. पाहुण्यास ही शहराची शोभा वाटते, आणि ती आहेही. परंतु ज्या घरात हाक मारली असता मागे वळून न पाहणारे, आपले नाव सांगू न शकणारे आणि पाणी दिसताच तिकडे धाव घेणारे एखादे मूल आहे, त्या घरातील आईबापांस याच तळ्यांचा नकाशा निराळा दिसतो. आपल्या दारापासून कोणता घाट किती पावलांवर आहे, हे त्यांस पाठ असते. ज्यांस नसेल त्यांनी ते आज पाठ करावे, एवढ्या साध्या गोष्टीपासून मी या विषयास सुरुवात करतो.

‘विशेष गरजा असलेली मुले’ हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे. पूर्वी सरसकट ‘मतिमंद’ म्हटले जाई आणि त्या एका शब्दाखाली किती निरनिराळी मुले दडपली जात, याचा विचार होत नसे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, बहिरेपणा आणि अंधत्वही आहे. एका मुलाला धोका म्हणजे काय हेच उमगत नाही. दुसऱ्याला ते उमगते पण पळता येत नाही. तिसऱ्याला पळता येते पण ओरडता येत नाही. तेव्हा सर्व घरांना लागू पडेल असा एकच तोडगा कोणी सांगू लागला, तर त्याच्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

एक प्रवृत्ती मात्र बहुतेक घरांत सारखीच आढळते. असे मूल झाकून ठेवावे, असे घरच्यांना वाटते. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत न्यावयाचे, लग्नकार्यास जाताना आजीपाशी सोडावयाचे, गल्लीत फारसे दिसू द्यावयाचे नाही. यामागे केवळ लाज असते असे नाही. पुष्कळदा माया असते. लोक काही बोलतील, मुलाला चिडवतील, ही भीती असते. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले, तर या झाकण्यासारखे घातक दुसरे काही नाही. दार उघडे राहून मूल ज्या दिवशी एकटेच बाहेर पडते, त्या दिवशी कोपऱ्यावरचा पानवाला त्याला ओळखत नसतो. ‘हे अमक्यांचे मूल, हे एकटे कसे?’ असा प्रश्न ज्याच्या मनात यावयाचा, त्याच्या डोळ्यांसमोरून ते सरळ तळ्याकडे निघून जाते.

घरातून निघून जाणे ही गोष्ट अपवादात्मक नाही. अमेरिकेतील ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. स्वमग्न मुले असलेल्या बाराशेहून अधिक कुटुंबांची त्यात माहिती घेतली होती. चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी निघून जाण्याचा प्रयत्न केलेली मुले जवळजवळ निम्मी निघाली. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक मुले घरच्यांच्या काळजाचे पाणी व्हावे इतका वेळ बेपत्ता होती. आईबापांनी सांगितलेल्या संकटांत रहदारीचे संकट सर्वाधिक होते. आणि सुमारे चतुर्थांश पालकांनी बुडता बुडता वाचल्याचे प्रसंग सांगितले. देश दूरचा असला तरी मुलांचा स्वभाव दूरचा नाही.

मूल नाहीसे झाले की आपल्याकडे प्रथम नातेवाइकांना फोन केले जातात, मग शाळेत, मग देवळात शोध घेतला जातो. या क्रमात अमूल्य मिनिटे जातात. पाण्याची ओढ असलेल्या मुलाच्या बाबतीत पहिला शोध पाण्याचाच घ्यावा, ते तेथे असण्याचा संभव कमी वाटला तरीही. घरातला हौद, शेजारच्या बांधकामावरची टाकी, जवळचे तळे, आणि त्यानंतर बाकीचे सगळे. कारण इतर ठिकाणी गेलेले मूल अर्ध्या तासानेही सुखरूप सापडू शकते. पाण्यात पडलेल्याला तेवढी सवड नसते. एकाने पाण्याकडे धावावे, दुसऱ्याने ११२ किंवा मुलांसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर कळवावे, तिसऱ्याने घरी थांबावे, कारण मूल पुष्कळदा आपले आपण परत येते आणि दार बंद पाहून पुन्हा निघून जाते. ही कामांची वाटणी शांत दिवशी, चहा घेता घेता ठरवून ठेवावयाची असते. ऐन वेळी घरातील सर्वजण एकाच दिशेस पळतात.

छत्तीसगडातील घरांमागे भाजीपाल्याची बाडी असते, आणि आता पुष्कळ बाड्यांत कूपनलिका असतात. १० जून २०२२ रोजी जांजगीर-चांपा जिल्ह्यातील एका गावी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा घरामागे खेळत असता उघड्या कूपनलिकेत पडला. नलिका सुमारे ऐंशी फूट खोल होती आणि तो साठ फुटांच्या आसपास अडकला होता. त्याला ऐकू येत नव्हते, बोलताही येत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, सैन्य आणि राज्याची यंत्रणा यांनी शेजारी समांतर खड्डा खणला, तेथून आडवे भुयार काढले. मध्ये कठीण खडक लागला. सुमारे १०४ तासांनी, १४ जूनच्या रात्री, तो जिवंत बाहेर आला. साऱ्या देशाने तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या प्रसंगातील एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ऐकणाऱ्या मुलाला वरून ‘घाबरू नकोस, आम्ही आलो’ असे सांगता येते. या मुलापाशी तो मार्ग बंद होता. बचाव करणाऱ्यांना खाली सोडलेल्या कॅमेऱ्याच्या आधारेच त्याची अवस्था कळत होती. तरीही दोरीने सोडलेली केळी त्याने खाल्ली, आणि साचलेले पाणी तो वरून आलेल्या बादलीत भरून देत होता, असे त्या वेळच्या वृत्तांत प्रसिद्ध झाले होते. म्हणजे ज्याला सांगितलेले ऐकू येत नव्हते, त्याला दाखवलेले समजत होते. अशा मुलांना शिकवावयाचे ते दाखवून, करून घेऊन, पुन्हा पुन्हा. बाकी उघड्या कूपनलिकेविषयी बोलावयाचे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच आदेश दिले आहेत: वापरात नसलेली नलिका माती, वाळू, दगड यांनी जमिनीच्या पातळीपर्यंत भरून काढावी, चालू कामाभोवती कुंपण असावे, तोंडावर पोलादी झाकण असावे. आपल्या आणि शेजाऱ्याच्या आवारात ते आहे की नाही, हे पाहण्यास कोणत्याही शास्त्राची गरज नाही.

मूल का पळते, याचा विचार न करता नुसती कड्याकुलपे वाढवीत जाणे, हा अर्धा उपाय झाला. काही मुले एखाद्या गोष्टीकडे धावतात, काही एखाद्या गोष्टीपासून दूर धावतात. पाणी, आगगाडी, फिरणारे चाक, ओळखीचे दुकान ही ओढीची कारणे; फटाके, ढोलताशे, कर्णे, एकदम वाढलेला गोंगाट ही पळण्याची कारणे. रायपूरहून नागपूर-हावडा हा मोठा लोहमार्ग जातो, आणि आगगाडीचे वेड असलेल्या मुलाच्या घरी ही माहिती भूगोलाची राहत नाही. पंधरा दिवस एका वहीत टिपून ठेवावे: केव्हा पळाला, त्याच्या आधी काय घडले, कोणीकडे गेला. वहीच पुष्कळ सांगते. आगगाडी पाहण्याची हौस ज्याची आठवड्यातून एकदा वडिलांचे बोट धरून पुरी होते, त्याला ती चोरून भागविण्याचे कारण कमी उरते.

कुलपांविषयी एक इशारा. मुलाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून बाजारात जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची अडचणही मला समजते. पण घरात गॅस आहे, विजेच्या तारा आहेत. आग लागली तर बोलता न येणारे मूल आत आणि किल्ली बाजारात. त्यापेक्षा दाराच्या वरच्या अंगाला कडी आणि दाराला घुंगरांची एक माळ बांधावी. दार हलले की घरभर आवाज होतो. स्नानघराची आतील कडी मात्र काढूनच टाकावी.

आता रायपूरच्या मराठी घरांची एक खास अडचण सांगितली पाहिजे. ही बंगळूर, इंदूर, बडोदे अशा कोणत्याही शहरातील मराठी घराला लागू पडेल. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी माणसे आहेत. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. तात्यापाऱ्यासारखी मराठी वस्ती आणि १९३५ पासून चालत आलेले महाराष्ट्र मंडळ या त्याच नात्याच्या खुणा. या घरांत मूल मराठीत वाढते. ‘थांब’ म्हटले की थांबावयाचे, हे आईने त्याला वर्षभर खपून शिकविलेले असते. पण रस्त्यावर त्याला अडवणारा माणूस ‘रुको’ म्हणणार, आणि खेड्यातून आलेली भाजीवाली ‘तोर नाँव का हे?’ असे छत्तीसगडीत विचारणार. साध्या मुलाला या तिन्ही भाषा वाऱ्याबरोबर येतात. ज्या मुलाला एकेक शब्द शिंपल्यातून मोती काढावा तसा मिळवावा लागतो, त्याच्या दृष्टीने ‘थांब’ आणि ‘रुको’ ही दोन निरनिराळी कोडी आहेत. आई त्याला जी भाषा शिकवते ती रस्ता बोलत नाही.

म्हणून चार-पाच शब्द निवडून ते दोन्ही भाषांत, आणि त्यांबरोबर हाताची एक ठरावीक खूण, असे पक्के करून घ्यावेत. थांबणे, नको, दुखते, पाणी, घर, एवढेच पुरेत. तळहात पुढे करून ‘थांब’ म्हणावे, तीच खूण करून ‘रुको’ म्हणावे. खूण भाषेपेक्षा टिकाऊ असते. हा अभ्यास घरात बसून पुरता होत नाही. रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या पायरीवर, तळ्याच्या काठी तो करावा लागतो, आणि परक्या माणसाच्या तोंडूनही करून घ्यावा लागतो. येथेच शेजाऱ्यांची गरज लागते. पानवाला, दूधवाला, रिक्षावाला, देवळाचे पुजारी, शाळेपुढचा पहारेकरी अशा दहा माणसांची मुलाशी भेट घडवून आणावी. त्यांना फार काही सांगावयाचे नाही. हा आमचा मुलगा. याला बोलता येत नाही. एकटा दिसला तर खूण करून थांबवा, हात ओढू नका, आणि या क्रमांकावर फोन करा. मंडळाच्या गणेशोत्सवात असे मूल मागच्या रांगेत लपविण्याऐवजी आरतीच्या वेळी पुढे आणले, तर एका संध्याकाळी शंभर माणसे त्याला ओळखू लागतात. शंभर माणसांना त्याचे तोंडवळण ठाऊक असणे, याइतके स्वस्त आणि मजबूत कुंपण कोणत्याही लोहाराला घडविता येणार नाही.

गर्दीच्या ठिकाणी हे कुंपण उपयोगी पडत नाही, हे खरे. राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर माघी पुनवेपासून महाशिवरात्रीपर्यंत मेळा भरतो, महादेव घाटावर कार्तिकी पुनवेला खारून नदीच्या काठी लोक लोटतात. तेथे मुलाच्या अंगावरच काहीतरी लिहिलेले हवे. गळ्यातला बिल्ला पुष्कळ मुले ओढून टाकतात. त्यापेक्षा सदऱ्याच्या आतल्या बाजूस कापडी पट्टी शिवावी. तीवर दोन दूरध्वनी क्रमांक आणि ‘यह बच्चा बोल नहीं सकता’ एवढे हिंदी वाक्य असावे. नाव मात्र बाहेरून दिसेल असे लिहू नये. परक्याने नावाने हाक मारली की मुलाला तो आपलाच वाटतो. घरून निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत एक छायाचित्र घ्यावे. ‘कोणता सदरा होता?’ या पोलिसांच्या प्रश्नाला घाबरलेली आई बरोबर उत्तर देऊ शकत नाही, छायाचित्र देते. आणि तक्रार नोंदविण्यास ‘चोवीस तास थांबा’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये. बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदविली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे.

ओळख हरवली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण याच लोहमार्गावरील नागपूरचे आहे. २०११ साली नागपूर स्थानकावर आठ वर्षांचा एक मुलगा सापडला. ‘अम्मा, अम्मा’ यापलीकडे त्याला काही सांगता येत नव्हते. प्रथम तो बालगृहात राहिला. पुढे एका मराठी कुटुंबाच्या अनाथालयात वाढला, आणि ते अनाथालय बंद झाल्यावर त्या कुटुंबाने त्याला आपल्या घरीच नेले. दहावीच्या नोंदणीसाठी आधार हवे म्हणून ते त्याला केंद्रावर घेऊन गेले, तर नोंदणी पुन्हा पुन्हा नाकारली जाऊ लागली. शोध घेता कळले की त्याच्या बोटांच्या ठशांची नोंद पूर्वीच झालेली आहे, आणि ती जबलपूरची आहे. ३० जून २०२१ रोजी दहा वर्षांनी तो आपल्या आईबापांना भेटला. ज्यांनी त्याला वाढविले, त्यांच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. या हकिकतीतून घरच्यांनी घ्यावयाची गोष्ट अशी की पाच वर्षांच्या आतील मुलाच्या आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षे पुरी झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते नोंदवून घ्यावे लागतात. पहिली नोंदणी झाली म्हणून जे घर स्वस्थ बसते, त्याच्या मुलाचे ठसे कोठेच नसतात.

घरातील दुखण्याखुपण्याविषयी थोडक्यात. अशा मुलांपैकी पुष्कळांना आकडी येते. आकडीत तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा जोडा हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर रुग्णालय गाठावे. औषध बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. एकाएकी बंद केलेल्या गोळ्यांनी आकड्या उसळतात. ज्याला आकडी येते त्याने तळ्यात किंवा नदीत एकट्याने उतरू नये, मग तो कितीही उत्तम पोहणारा असो.

आता ज्या विषयावर घरात बोलणे टाळले जाते त्याकडे वळतो. परक्या माणसाची भीती आपण मुलांना घालतो. परंतु मुलांवर हात टाकणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो, आणि जे मूल सांगू शकत नाही त्याची निवड तो जाणूनबुजून करतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून प्रसिद्ध केले. अपंग मुलांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा अत्याचार होण्याचा संभव इतर मुलांच्या मानाने साडेतीनपटीहून अधिक असल्याचे त्यात आढळले. वर मी ओळखीच्या कुंपणाची भलावण केली आहे. त्याच कुंपणाच्या आत हा धोका असतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. म्हणून ओळख अनेकांची असावी, पण एकांत थोड्यांचाच. मुलाला आंघोळ कोणी घालावी, कपडे कोणी बदलावेत, शौचास कोणी न्यावे, ही दोन-तीन माणसे ठरलेली असावीत आणि मुलालाही ती ठाऊक असावीत. शाळेची गाडी असो वा घरी येणारे उपचारक असोत, दार उघडे असावे आणि घरच्यांना केव्हाही आत येण्यास मोकळीक असावी. जेथे ‘पालकांनी आत येऊ नये’ असा नियम आहे, तेथे मूल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. अशा मुलांना आपण आज्ञाधारकपणाच शिकवीत असतो. बस म्हटले की बस, दे म्हटले की दे. ज्याला ‘नाही’ म्हणणे कधीच शिकविले नाही, ते मूल नको त्या माणसापुढेही मुकाट्याने बसते. घास नको असेल तर मान हलविण्याची मुभा त्याला रोजच्या जेवणात मिळाली पाहिजे, तेव्हा कोठे नकाराचा सराव होतो. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते करतात. त्यांत भात, बॉल, बाग यांची चित्रे असतात, पण शरीराच्या सर्व अवयवांची, ‘दुखले’, ‘नको’ आणि घरादारातील माणसांच्या तोंडांची चित्रे बहुधा नसतात. ती घालावीत. एरवी हसतखेळत एखाद्या घरी जाणारे मूल एकाएकी त्या उंबरठ्यावर अडून बसू लागले, अंथरूण पुन्हा ओले करू लागले, आंघोळीला भिऊ लागले, तर हट्टीपणा म्हणून त्यास रागे भरण्यापूर्वी कारण शोधावे.

असे काही घडल्याचे कळल्यास पोलिसांना कळविणे हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आमच्या मुलाची साक्ष कोण मानणार?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच कायद्यात आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो स्त्री असावी. मूल अपंग असेल तर विशेष शिक्षकाचे, किंवा त्या मुलाची सांगण्याची रीत जाणणाऱ्या कोणाही व्यक्तीचे साहाय्य घेता येते. म्हणजे ज्या खुणा केवळ आईला, शिक्षिकेला किंवा भावंडाला समजतात, त्यांना न्यायालयाच्या दारातही अर्थ आहे. परंतु त्या खुणांची एक वही असेल तरच परक्याला त्या पटवून देता येतील. कोणत्या हालचालीचा काय अर्थ, कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे आईने सवडीने लिहून ठेवावे. ही वही आई आजारी पडली, गावाला गेली, तरी कामास येते.

अठरा वर्षे पुरी झाली की कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांना बँकेच्या खिडकीशी उभे राहिल्यावर समजते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करून आईबापांना, भावंडाला किंवा अन्य नातेवाइकाला रीतसर पालक नेमून घेता येते. रायपूरच्या घरांनी हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारावा. आणि बहिणीचे किंवा भावाचे नाव त्यात घालण्यापूर्वी तिला अथवा त्याला, दोघांनी समोर बसवून, एकदा विचारावे.